घरी न सांगितलेली गोष्ट

नागोशी शिन्पेई इतका प्रामाणिक होता की, हिनाता खोऱ्यातली माणसं सांगतात, नगराध्यक्षाच्या कचेरीतून घरी निघताना तो कोट दारातच झटकायचा. सरकारी धूळ घरी कशाला न्यायची? एकदा म्हणे कचेरीतला डास त्याच्या मानेला चावला, तर गेलेलं रक्त कामाच्या वेळेतलं की खासगी वेळेतलं, हे ठरवण्यात त्याची अख्खी दुपार गेली. हिनातात या गोष्टी दरवर्षी भाताबरोबर वाढतात. मागच्या पिकाला डास एक होता, या पिकाला त्याचा थवा झालाय.

डोंगरावरच्या नव्या हिकागेत मात्र शिन्पेईची एकही गोष्ट कुणी सांगत नाही. जुनं हिकागे खाली धरणाच्या पाण्यात आहे, आणि ते तिथं घालणारा शिन्पेईच होता. स्वतःचं जन्मगाव, स्वतःच्या तोंडानं.

वादळांच्या दिवसांत तो गेला. पुढं एके सकाळी त्याची लेक मिसुझु पांढऱ्या फडक्यात बांधलेला अस्थींचा कलश मांडीवर घेऊन बसनं डोंगर चढून आली. त्याची थोरली बहीण सेकी तेव्हा ओसरीवर मुळे दोरीत ओवत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, पण मुळ्याला गाठ अशी मारायची की मुळा वाळेल, गाठ सुटायची नाही.

"आत्या, बाबांना घेऊन आलेय."

"दिसतंय. चपला काढ. त्याला तिथं पायरीवर ठेव."

"आत नको?"

"आत मांजर आहे. तिला पाहुणे चालत नाहीत."

मिसुझुनं कलश पायरीवर ठेवला, मग राहवेना म्हणून आपली शाल खाली घातली. सेकीनं ते पाहिलं आणि पुढचा मुळा उचलला.

"उद्या बाबांचा एकोणपन्नासावा दिवस, आत्या. उद्या तरी मातीत जायला हवेत. मठातले बुवा म्हणाले, थडगं उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं."

बुवांचं बरोबर होतं. शिन्पेई शिकायला म्हणून जो बाहेर पडला तो राजकारणातच शिरला. घर सांभाळलं सेकीनं. तिचा नवरा घरजावई होऊन आला, नागोशी आडनाव लावून जगला आणि त्याच आडनावानं मेला. घर तिच्या नावावर, पितर तिच्या नावावर. पितरांच्या थडग्यावरची शिळा तिच्या शब्दाशिवाय कुणी हलवायचं नाही.

"ठरवते," सेकी म्हणाली. "मुळे संपू देत."

मुळे भरपूर होते.

झालं होतं ते असं. एका वादळात नदीनं खालच्या शहरातली माणसं नेली. इतकी नेली की शहरात रडायला माणूस उसना आणावा लागला, असं म्हणतात, आणि त्या वर्षापुरतं ते फारसं खोटंही नव्हतं. धरण बांधायचं ठरलं. इंजिनिअरांनी दोन खोरी दाखवली. हिनातात तिप्पट घरं, शाळा, उतरत्या पायऱ्यांची भातशेती. हिकागेत मूठभर घरं, आणि ऊन असं कंजूष की जेवण होईतो डोंगरामागं पळायचं. शब्द नगराध्यक्षाचा होता, आणि नगराध्यक्ष होता शिन्पेई.

सभेच्या आदल्या संध्याकाळी शिन्पेई बहिणीकडं जेवायला आला. अळकुड्यांची आमटी दोनदा मागून घेतली. वर आढ्याकडं बघत बसला. सेकीनं त्याच वसंतात छप्पर नवं शाकारून घेतलं होतं. "कसं झालंय?" तिनं विचारलं. "छान झालंय, ताई," तो म्हणाला. जाताना तिनं त्याच्या हातात मुळ्याच्या लोणच्याची बरणी दिली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात तो उभा राहिला आणि म्हणाला, "हिकागे."

त्या क्षणी हिकागेतलं कुणीही शिन्पेईकडं पाहिलं नाही. सगळ्या माना वळल्या त्या सेकीकडं. शेजारची हामा तर तिथंच म्हणाली, "काल जेवायला आला होता ना गं तुझ्याकडं? आणि छप्पर नवं केलंस ते उगाच वाटतं? नव्या छपराला भरपाई जास्त!" सेकीनं शपथा घेतल्या. पण सख्ख्या बहिणीला ठाऊक नव्हतं, हे कुणाला पटणार? तिचं तिलाच पटत नव्हतं.

ती दारापर्यंत त्याच्यामागं धावली. "काल का नाही बोललास?"

"ताई," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखर पांढरा पडला होता, "तुला आधी सांगितलं असतं तर बाकीच्यांशी बेइमानी झाली असती."

उत्तर बिनतोड होतं. बिनतोड होतं म्हणूनच ते सेकीला गिळता येईना. त्या दिवसानंतर ती भावाशी एक शब्द बोलली नाही.

तो मात्र दर नवीन वर्षाला यायचा. पायरीवर बसायचा. सेकी किटलीशी बोलायची. "किटलीबाई, पाहुण्यांना सांगा, चहा निवतोय." शिन्पेईही गंभीरपणे म्हणायचा, "किटलीबाई, ताईंना सांगा, यंदा लोणचं जरा खारट आहे." निरोप वाहून वाहून ती किटली बुडातून गळायला लागली, असं हामा सांगते. हामाचं ऐकावं, निम्मं सोडून द्यावं.

दुपारी फाटकाशी कुणीतरी खाकरलं. हिनाताचा मुखिया ओगाता गेन्रोकु, पाठीवर नव्या तांदळाची गोणी, अंगावर लग्नातला काळा कोट. सत्तरीचा माणूस, पण सेकीसमोर शाळेतल्या पोरासारखा उभा.

"आक्का, येऊ का?"

"आलायसच की. गोणी खाली ठेव, नाहीतर तीच तुला खाली ठेवेल."

गेन्रोकु बसला. कलशाकडं पाहून त्यानं इतक्या वेळा वाकून नमस्कार केला की मिसुझुलाच अवघडलं. मग तो मुद्द्यावर आला. "आक्का, ऐकलंय की तुमचं अजून ठरत नाहीये. म्हटलं, तुम्हाला त्रास नको. आम्ही हिनाताच्या मठात जागा केलीय. माणसाच्या उंचीची शिळा घडवून ठेवलीय, वर नाव कोरायचं तेवढं राहिलंय. दर सुगीला सगळं गाव येऊन हात जोडेल. शाळेतली पोरं गाणं म्हणतील. नगराध्यक्ष आमच्याकडं असले तर..."

"गाणंही रचलंत?"

"दोन कडवी झालीत. धरणाची दारं मिटली त्या दिवशी नगराध्यक्ष भिंतीवर वाघासारखे उभे होते, तिथपर्यंत."

"वाघ!" सेकी हसली. तिचं हसू ऐकून मिसुझु दचकली. तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं. "त्या दिवशी त्याला सर्दी झाली होती. मी वरच्या वाटेवरून पाहिलं ना. इंजिनिअरांच्या मागं उभा होता, नाक पुसत. पाण्याला भ्यायचा तो. लहानपणी ओढ्यात घोट्यापर्यंत उतरायचा आणि ओरडायचा, ताई, माझा पाय नदी घेऊन चालली!"

गेन्रोकुचं तोंड उघडंच राहिलं. हे तिसऱ्या कडव्यात बसण्यासारखं नव्हतं.

"घेऊन जा त्याला," सेकी एकदम म्हणाली आणि सुरी मुळ्यात रुतवली. "तुम्हाला हवाय ना? आम्हाला काय, बुडवलेलीच माणसं आम्ही. तुमच्याकडं पंगती झोडल्याच असतील त्यानं. दर सुगीला नव्या भाताचं जेवण असतं ना तुमच्यात? मानाचं पान कुणाचं असायचं?"

मिसुझु पुढं सरकून कलशाजवळ बसली. गेन्रोकुनं डोकं खाजवलं.

"पान मांडायचो, आक्का. पण ते कुठले यायला! बोलावणं दरवर्षी जायचं. पुलापर्यंत यायचे, पलीकडूनच नमस्कार करायचे आणि मागं वळायचे. एकदा मी जाऊन हातच धरला. म्हटलं, एक घास तरी खा, नाहीतर आम्हाला तो गोड कसा लागणार? तर म्हणाले..." गेन्रोकु थांबला. "म्हणाले, गेन्रोकु, या भाताला धरणाचं, म्हणजे माझ्या ताईच्या अंगणातलं पाणी लागलंय. तिनं वाढला तर खाईन. शेवटपर्यंत आमच्या भाताचं शीत तोंडात घातलं नाही त्यांनी."

सेकीच्या हातातली दोरी सैल पडली.

"आमच्याकडं लांबचा तांदूळ यायचा," मिसुझु हळूच म्हणाली. "जाड, बेचव. आई कुरकुर करायची. मला वाटायचं, बाबांना तोच आवडतो."

"मला कुणी सांगितलं नाही," सेकी म्हणाली.

"तुम्ही त्यांच्याशी बोलत कुठं होता, आक्का? किटलीशी बोलायचात म्हणे."

"मग किटलीला सांगायचं! एवढी वर्षं लोणचं खारट आहे म्हणून सांगितलं, हे नाही सांगता आलं?" तिचा आवाज चिरकला. "तोंड शिवलेला माणूस. जे घरात बोलायचं ते सभेत बोलला, आणि जे मला सांगायचं ते पुलावर याला सांगून आला."

मिसुझु उठून गोणीपाशी गेली. "आत्या, यातला मूठभर शिजवूया का? तुम्ही बाबांपुढं वाढा. तुमच्या हातचा..."

"नाही."

"पण त्यांची इच्छा..."

"जिवंत असताना पायरीवर बसायचा तेव्हा वाढायचा होता. मी वाढला नाही. आता राखेपुढं वाटी ठेवायची आणि माझंच मन हलकं करून घ्यायचं? ते काही जमायचं नाही." तिनं डोळे पुसले ते मुळ्याच्याच हातानं, त्यामुळं ते आणखी चुरचुरले. "गोणी हामाकडं टाक. तिला गुळगुळीत भात लागतो, दात नाहीत."

गेन्रोकु उठला, कोट सारखा करून कलशासमोर गुडघे टेकले. "मग आक्का, मी यांना घेऊ का? गाडी खाली उभी आहे. हारफुलं घातलीत."

त्यानं हात पुढं केले. सेकी त्या हातांकडं बघत राहिली. चांगले हात होते, शेतकऱ्याचे, स्वच्छ धुतलेले.

"थांब," ती म्हणाली. "तुमच्यात त्याला लहानपणापासून ओळखणारं कोण आहे?"

"सगळं गाव ओळखतं!"

"वाघाला ओळखतं. नाक पुसणाऱ्याला कोण ओळखतं?" गेन्रोकुनं हात मागं घेतले. "तुम्ही हात जोडाल, गाणी म्हणाल. पाच-पन्नास वर्षांत त्याचा देव कराल, मग त्याच्याशी भांडायची सोयच उरायची नाही. इथं त्याला शिव्या घालणारं घर न् घर आहे. माझ्यासकट. त्यानं आमचं घेतलंय, त्याचा जाब इथंच विचारला जाईल. हिकागेचा माणूस तो. हिकागेतच पडू दे."

"म्हणजे आक्का, माफ केलंत?"

"कोण म्हणालं?" सेकी करवादली. "शिळेवर तुमच्या गावाचं नाव कोरा, पावसात निदान वाट चुकलेल्याला कळेल कुठं आलोय ते. जा आता. आणि हारफुलांची गाडी रिकामी नेऊ नकोस, हे मुळे ने."

दुसऱ्या दिवशी नागोशींच्या थडग्यावरची शिळा सरकवली. आत फार काही नव्हतं. गाव बुडण्याआधी जुनी थडगी उकरली तेव्हा कित्येकांची हाडंही उरली नव्हती. सेकीनं आईच्या जागची ओंजळभर काळी माती तेवढी वर आणली होती. त्या दिवशीही शिन्पेई फावडं घेऊन आला होता. सेकीनं त्याला हात लावू दिला नव्हता. तो कुंपणाबाहेर टोपी काढून उभा राहिला, आणि सगळे गेल्यावरही तिथंच होता.

बुवांनी मंत्र म्हटले. हिकागेतली चार-पाच माणसं आली होती, लांब लांब उभी. हामा काठी टेकत आली, उदबत्ती खोचली आणि म्हणाली, "मी तुझ्या आईसाठी आलेय, हां. त्याच्यासाठी नाही."

"बरं."

"ते छपराचं मी तेव्हा बोलले..."

"बोललीस."

"बोलले खरी." हामानं नाक ओढलं आणि तिथंच उभी राहिली, घरी गेली नाही.

सेकीनं कलश उघडला. कुणाला हात लावू दिला नाही. ओंजळीनं अस्थी काढून आईच्या मातीवर ठेवत गेली, अगदी हळू, जसं झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं. आणि तोंड मात्र एकसारखं चालू. पहिल्यांदाच किटलीशी नाही, त्याच्याशी.

"शिन्या, ऐक. त्या संध्याकाळी तू नुसतं म्हणाला असतास ना, ताई, उद्या काहीतरी वाईट होणारेय, एवढंच, तर मी कुणाला सांगितलं नसतं. तुला वाटलं सांगेन? बरोबर केलंस तू, मला ठाऊक आहे. खालचं शहर वाचलं. त्या शहाण्या गेन्रोकुची शाळा वाचली. सगळं बरोबर केलंस, आणि मला मात्र बाकीच्यांत बसवलंस. मी बाकीच्यांतली होते का रे?"

वाऱ्यानं उदबत्तीचा धूर तिच्या तोंडावर आणला. तिनं तो हातानं बाजूला केला.

"पहिल्या वर्षी मला नवीन घरात झोप लागायची नाही. ओढ्याचा आवाज नाही म्हणून. दुसऱ्या वर्षी आमचे हे गेले, तेव्हा तू आला होतास, मी तोंड फिरवलं..."

माणसं एकेक करून पांगली. बुवा गेले. हामाही शेवटी काठी टेकत उतरली. शिळा बाजूलाच पडली होती. मिसुझुनं खाली रस्त्याकडं पाहिलं. वळणावर बस दिसायला लागली होती.

"आत्या, शेवटची बस. चला, शिळा लावूया."

"तू जा, बाई. शिळा मी उद्या गेन्रोकुच्या माणसांना बोलावून लावून घेईन. माझं अजून आठव्याच वर्षाचं चाललंय."

मिसुझु थोडी उतरली, मग थांबली. बस आली आणि गेली. वरून सेकीचा आवाज येत होता, कधी रागावलेला, कधी नुसता माहिती दिल्यासारखा: मांजर कधी आणली, दात कधी पडला, कुठल्या वर्षी दुष्काळात पाणी आटून जुन्या घराचा चौथरा वर आला होता आणि ती एकटीच बघायला गेली होती. प्रत्येक वर्षानंतर ती जरा गप्प व्हायची, समोरच्यालाही बोलायला वाव द्यावा तशी. काहीच आलं नाही की मग पुढचं वर्ष.