आजोबांचा पहिला घोट

"पुरुषाला मुक्त करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सत्य!" भंते सुथोन गरजले. मग खाली बसून म्हणाले, "बादल्या वाटा."

मठातल्या आमच्या पुरुषांच्या दालनात दारू सोडायची रीत अशीच होती. काळा काढा घशाखाली लोटायचा, वर तांब्यांनी पाणी प्यायचं आणि ओळीने उकिडवं बसून ओकायचं. मागे बाकीच्यांनी ढोल बडवत गाणी म्हणायची. भिंतीपलीकडे बायका ओकता ओकता एकमेकींची विचारपूस करत. आमच्याकडे बढाया चालत.

"अख्खं पिंप रिचवायचो मी," ट्रकवाला प्राचुआप म्हणाला.

"म्हणून तर तुझा ट्रक मून नदीत झोपलाय," ओळीतून कोणीतरी म्हणालं.

खामपानकाका बढाई मारत नसत. त्यांचं पिणं म्हणजे ड्यूटी. गावाबाहेरच्या राईतल्या देवाला, गाव ज्यांना आजोबा म्हणतं त्यांना, भाताची दारू वाढायचा मान त्यांचा, वडिलांकडून आलेला. वाढण्याआधी पहिला घोट स्वतः घ्यायचा. वर्षातून एकदा असलेलं हे काम पुढे पुढे रोज सकाळी निघू लागलं. शेवटी बायकोने त्यांना मठाच्या दाराशी आणून सोडलं. "शपथ घेतलीत तरच घरी या. नाहीतर राईतच राहा, आजोबांच्या मांडीवर."

शपथ दुसऱ्या दिवशी होती. ती जन्मात एकदाच मिळते. मोडली की मठाचं दार बंद.

"भंते, तेवढा देवाचा घोट वगळता येईल?"

"नाही."

"ओठाला लावून थुंकला तर?"

"खामपान, तुझे ओठ मी ओळखतो."

"मग मान जाईल हो माझा. आजोबा रागावतील गावावर."

"मग त्यांनाच विचार."

संध्याकाळी वाफाऱ्याच्या खोलीत गवती चहाची वाफ दाटली. तिथे कमरेच्या पंच्यापलीकडे कोणाचं काही उरत नसे. आपला हात कुठे संपतो आणि शेजाऱ्याचा खांदा कुठे सुरू होतो, तेही कळत नसे. काका कोपऱ्याकडे वळून हात जोडून बसले आणि हलक्या आवाजात बोलू लागले. मध्येच "हो", मध्येच "खरं सांगता?" कोपऱ्यातली वाफ जरा दाट होती, म्हाताऱ्या माणसाएवढी. आमच्यापैकी कोणी हसलं नाही. मग काकांचे खांदे हलू लागले. प्राचुआपने चाचपडत त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"काय म्हणाले, काका?"

"म्हणाले, तुझ्या बापाच्या वेळेपासून पोटात जळजळतंय. पण तुमचा मान कसा मोडायचा, म्हणून गप्प राहिलो."

सकाळी काका बुद्धासमोर बसले. पूर्ण शपथ झाली; देवाचा घोटही बंद.

"आणखी काही?" भंतेंनी विचारलं.

"बायकोला निरोप द्या. न्यायला येताना लाल सोड्याची बाटली आण म्हणावं, आजोबांना." काका जरा घुटमळले. "आणि स्ट्रॉ. दात नाहीत त्यांना."