एकसष्ट वगळण्याचा अर्ज

गुणपत्रकाला फॉर्म टाचलेल्या पिनेचा एक पाय सहाच्या पोटात रुतला होता आणि दुसरा एकाच्या डोक्यावर. एकसष्ट. उच्च गणितात एकसष्ट पडले. आणि आता ते पडलेच नाहीत असं सगळ्यांनी धरून चालायचं होतं — मनाची समजूत म्हणून नव्हे, रीतसर, कारण त्यासाठी शाळेने एक फिकट गुलाबी फॉर्म छापला होता : ऐच्छिक विषय गुणपत्रकातून वगळण्याचा अर्ज. आज चारच्या आत तो खिडकीत दिला की उच्च गणित नावाचा विषय तिने कधी घेतलाच नव्हता. मग दीड वर्ष सकाळी पावणेसातला ती दप्तर घेऊन नक्की कुठे जात होती, हे तिचं तिने बघावं.

तर, एकसष्ट पडलेले नाहीत. पुढे.

पडलेले नसल्यामुळे सरासरी चौऱ्याण्णव होती. पडले असते तर साडेअठ्ठ्याऐंशी. आणि तिला हवं होतं ते कॉलेज शंभरातल्या सहाजणांना आत घेत होतं. त्याच्या माहितीपुस्तिकेतल्या सगळ्या मुली झाडाखाली पुस्तक उघडून बसल्या होत्या आणि एकीचंही पुस्तकाकडे लक्ष नव्हतं, सगळ्या हसत होत्या... एवढं हसण्यासारखं काय होतं त्या पुस्तकात, हे तिला आत जाऊन बघायचं होतं. शिवाय तिला तिथे गणितच शिकायचं होतं. म्हणजे गणितात शिरायला आधी गणित काढून टाकायचं. चपला काढतात तसं, दाराशी.

काल तिने मार्गदर्शक सरांना सरळ विचारलं होतं. अर्ज कसे भरावेत हे सांगण्यासाठीच शाळेने त्यांना नेमलं होतं, त्यामुळे ते कधीच घाईत नसत.

"सर, त्यांना नक्की काय लागतं?"

"अवघड विषय घेणारी मुलं आवडतात त्यांना."

"मग ठेवू?"

"पण गुणही चांगले लागतात."

"मग काढू?"

"अवघड विषयात चांगले गुण," सर म्हणाले, जणू ही युक्ती आजवर कुणाला सुचली नव्हती, आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

सकाळी आत्याने चहा गाळता गाळता निकाल लावून टाकला. "काढून टाक गं. झाकली मूठ सव्वा लाखाची." बाबा बशीत चहा ओतत होते, आणि ओतताना बोलायचं नाही हा त्यांचा धंद्यातला नियम होता. मूठ झाकायला हरकत नाही, पण मूठ झाकली तर मी फॉर्म कुठल्या हाताने भरू?... हे ती आत्याला म्हणाली नाही. नंतर जिन्यात सुचलं. चांगली उत्तरं तिला नेहमी जिन्यात सुचत. परीक्षेच्या हॉलला जिना नव्हता, कदाचित म्हणूनच एकसष्ट... पण ते पडलेले नाहीत.

कार्यालयाबाहेरचा बाक एका पायाने आखूड होता. ती उजवीकडे कलली की तो 'टक' म्हणे, डावीकडे कलली की 'टक' म्हणे. ठेवू — टक. काढू — टक. बाकाचं काही मत नव्हतं.

त्या विषयात नेमकं काय होतं, म्हणून ती आठवू लागली, तर आधी आठवले ते अकरा दिवस. गणिताच्या बाईंनी एका ओळीचा प्रश्न दिला होता : मूळसंख्या कधीच संपत नाहीत, हे दाखवा. दाखवा! कुठे दाखवू?... पहिले तीन दिवस तिने नुसत्या लिहून पाहिल्या, संपतात का ते बघायला. पाचव्या दिवशी बाईंचा राग आला, सातव्या दिवशी दोनचा, कारण ती एकटीच सम होती आणि तरी मिरवत होती. मग अकराव्या दिवशी, केस विंचरताना, एका गुंत्यापाशी कंगवा अडला आणि... समजा संपतात, मग त्या सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि त्यात एक मिळवायचा, बस्स, आता यांतली कुठलीच त्याला पूर्ण भागत नाही, प्रत्येक वेळी तो एक उरतोच, म्हणजे यादीबाहेर कुणीतरी आहे, नेहमीच कुणीतरी बाहेर आहे — आणि ती तशीच, कंगवा केसांत, खाली बाबांच्या दुकानात धावली होती.

"बाबा, संपत नाहीत!"

"काय संपत नाहीत?"

"मूळसंख्या!"

"बरं मग," बाबा दुरुस्तीच्या वजनकाट्यातून डोकं न काढता म्हणाले, "किती मागवायच्या?"

बाईंनी वहीत लाल शाईने लिहिलं होतं : 'हे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी केलेलं आहे. तरी शाबास.' त्या 'तरी'वर ती आठवडाभर हवेत चालली होती. परीक्षेत तो प्रश्न आला नाही.

बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. ती जन्मली तेव्हा इतकी तोळामासा होती की त्यांनी तिचं नावच तोळा ठेवलं, आणि आता ती त्यांच्याहून चार बोटं उंच झाली तरी बदललं नाही. आठ वर्षांची असताना तिने एक काटा स्वतःच तपासून पास केला होता. बाबा बाहेर गेले होते, भाजीवाला घाईत होता, तिने बघितलं, काटा बरोब्बर शून्यावर होता, आणि ती ऐटीत म्हणाली, "झालाय. घेऊन जा." दुसऱ्या दिवशी तो काटा वीस किलोला अर्धा किलो कमी बोलू लागला आणि भाजीवाला बरंच जास्त बोलू लागला. बाबा रागावले नाहीत. त्यांनी पितळी वजनं एकेक करून ताटात ठेवली, पाच, दहा, वीस, आणि तिला काट्याकडे बघायला लावलं.

"रिकामा असताना सगळेच खरे असतात गं, तोळा. भर ठेवल्याशिवाय कळत नाही."

"पण भर ठेवला की चुकतो ना!"

"चुकू दे की. किती चुकतो ते कळलं, म्हणजे काम सुरू झालं."

टक.

चौऱ्याण्णव. किती सरळ उभा आहे काटा! आणि त्यावर काय ठेवलं होतं?... नेहमीचं गणित, सत्त्याण्णव, जे ती वर्गात दुसराच काहीतरी विचार करत सोडवायची. ती सरळ बसली. बाकाने तक्रार केली नाही. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवले की तो गप्प राहतो, हे तिला आत्ता कळत होतं.

खिडकीतून कारकून बाई डोकावल्या. "झाला का गं भरून? पावणेचार झाले. आणि कारण नीट लिही. गेल्या वर्षी एकाने 'इच्छा' लिहिलं होतं, मी परत पाठवला. इच्छेला इथे रकाना नाही."

"दोन मिनिटं, मॅडम."

तिने नखाने पिनेचे पाय सरळ केले आणि पीन अलगद ओढून काढली. सहाच्या पोटात एक भोक राहिलं, एकाच्या डोक्यावर एक. गुणपत्रक उजेडासमोर धरलं तर दोन्हींतून खिडकी दिसत होती. साडेअठ्ठ्याऐंशीने प्रवेश मिळेल का? माहीत नाही. चौऱ्याण्णवने मिळाला तर तिथे झाडाखाली कोण हसत बसेल, हेही माहीत नाही. भीती होती, होतीच, पण तिच्या शेजारी काहीतरी एक उरलं होतं, कशानेच न भागणारं. ती म्हणजे मीच; मी पेन उघडलं. गुलाबी फॉर्मवर 'कारण' या शब्दापुढे अडीच ओळी होत्या; मी अक्षर बारीक काढलं.

'सदर विषय वगळण्यात येऊ नये, यासाठी हा वगळण्याचा अर्ज सादर करीत आहे. प्रवेश समितीस नम्र विनंती की अर्जदारास रिकामी न तपासता भर ठेवून तपासावे. सोबत अकरा दिवस जोडले आहेत. ते मोजून घेऊन पोच द्यावी, आणि काम झाल्यावर मूळ प्रतीत परत करावेत, कारण त्यांची झेरॉक्स निघत नाही.'