फाटकाशी संपणारी गल्ली

मी गल्ली बोलतेय, आणि आज गोड बोलणार नाही.

कोरियातल्या सोल शहराच्या दक्षिणेला एका टेकडीच्या उतारावर माझा जन्म झाला. मला कुणी आखलं नाही. मुळ्याच्या शेतांमधून बाजाराला उतरणाऱ्या बायकांच्या पायांनी मी घडले. सिमेंट पुष्कळ नंतर आलं.

माझ्या खालच्या टोकाला ओक-बुन टोफू करून विकायची. वरच्या टोकाला मल-सुन एकटीच राहायची, तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. रोज सकाळी ओक-बुन गरम टोफूचं भांडं घेऊन चार मिनिटांत वर पोचायची. दोघी मिळून जेवायच्या आणि पोटभर सुनांना नावं ठेवायच्या.

मग शहर वाढलं. माझ्या मध्यावर बारा टॉवर उभे राहिले. साहेब लोक नकाशा पसरून सांगायचे, रस्ते तिप्पट झाले. झाले ना! पण सगळे महामार्गाकडे धावतात, शेजाऱ्याकडे एकही जात नाही. बिल्डरने मला मोकळी ठेवायचं कबूल केलं होतं. वर्षाच्या आत रहिवाशांच्या समितीने फाटक बसवलं. कार्ड असेल तोच आत. बाहेरच्यांमुळे घाण होते म्हणे!

आता मल-सुनकडे जायला दोन बस, एक पूल, पन्नास मिनिटं. ओक-बुनच्या गुडघ्यांनी महिनाभर साथ दिली. मग नुसता फोन उरला.

जानेवारीत मल-सुन अंगणातल्या बर्फावर घसरली. पडल्या जागेवरून तिने फोन केला. ओक-बुन तशीच धावत फाटकाशी आली.

"मावशी, उघडलं तर माझी नोकरी जाईल," पहारेकरी ग्यू म्हणाला.

ती गज धरून उभी राहिली. त्याने मान खाली घातली आणि आपलं कार्ड लावलं.

मल-सुनचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ओक-बुनने आपला कोट तिच्यावर घातला, तिला बोलतं ठेवलं. रुग्णवाहिका मोठा वळसा घालून अर्ध्या तासाने आली. मल-सुन वाचली. ग्यूला मात्र त्याच आठवड्यात काढून टाकलं.

ओक-बुन समितीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. अध्यक्ष अदबीने म्हणाले, "आजी, नियम सगळ्यांना सारखा."

"सारखा कसा? तुम्ही टोफू घ्यायला खाली येता, तेव्हा मी कार्ड मागते का?"

दोघा-चौघांनी नजर चुकवली. फाटक तसंच राहिलं. मल-सुनला मुलाने दूर बुसान शहरातल्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं.

माझ्या भेगांत आता गवत माजलंय. नवे भाडेकरू म्हणतात, किती शांत गल्ली आहे. मी शांत नाही हो, संतापाने जळतेय. तुमच्याकडे असं फाटक बसत असेल, तर पहिल्याच दिवशी भांडा. दोन वर्षं गेली की लोक म्हणायला लागतात, इथून रस्ता कधी नव्हताच.