चवडा ब्रेकवर, टाच माझ्यावर

मित्रांनो, मी एक जुना एक्सिलरेटर आहे. आमच्या घरात मला या नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे मला 'रेस' म्हणतात. 'रेस दे', 'रेस सोड', 'अगं, केवढी रेस!' कौतुकाने कुणी माझं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. गाडी छान थांबली की नाव ब्रेकचं होतं आणि कुठे आदळली की माझं.

माझा जन्म साच्यातला. पातळ प्लास्टिक ओतलं, ते गार झालं आणि मी झालो. अंगावर रबराची पट्टी बसवली, बुडाशी एक सेन्सर बसवला. मग तपासणीसाठी एका लोखंडी दांड्याने मला दिवसभर दाबून सोडलं, दाबून सोडलं. दुसरा कुणी कंटाळला असता. मला काही वाटलं नाही. पूर्वीच्या एक्सिलरेटरांना म्हणे तार असायची. ती थेट इंजिनापर्यंत जायची आणि इंजिनाची थरथर त्यांच्या अंगात यायची. मला तार नाही. पाय किती दाबला त्याचा आकडा मी गाडीतल्या संगणकाला कळवतो, पुढचं तो बघतो. थोडक्यात, मी बधिर आहे.

माझ्या शेजारी ब्रेक आणि त्याच्या पलीकडे क्लच. क्लचला डावा पाय कायमचा मिळालेला. उजवा पाय मात्र एक आणि आम्ही दोघं, म्हणजे आमचं नातं सवतींचं. मला वरचं जग दिसत नाही. बुटांचे तळवे दिसतात आणि माणसांचं बोलणं ऐकू येतं, तेवढ्यावर माझं चालतं.

पहिली काही वर्षं माझ्यावर बाबांचा बूट असायचा. बाबांनी सारी नोकरी घाटात अँब्युलन्स चालवण्यात काढली होती. उतारावर वळण आलं की ते चवडा ब्रेकवर ठेवायचे, डाव्या पायाने क्लच दाबायचे, आणि गिअर खाली टाकता टाकता त्याच उजव्या पायाच्या टाचेकडच्या कडेने मला एक टपली मारायचे. खालच्या गिअरमध्ये इंजिनाला जास्त जोरात फिरावं लागतं. टपली मिळाली की ते आधीच तयार होतं, आणि क्लच सोडला तरी गाडी हिसका देत नाही. "दोन्ही डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात, पण उतारावर ठेवायचाच," असं बाबा म्हणायचे. मागे झोपलेल्या पेशंटला गिअर बदललेला कळता कामा नये, हा त्यांचा नियम होता.

निवृत्तीनंतर मागे पेशंट नसायचा, आई असायची. आई गाडीत बसली की पहिल्या वळणाच्या आत घोरायला लागते. उतरताना बाबा न चुकता विचारायचे, "काय, काही जाणवलं?"

"काही जाणवलं नाही बाई," आई जांभई देत म्हणायची.

बाबांना याहून मोठं बक्षीस नको असायचं. त्यांची टपलीही अशी की माझा आकडा दर वळणाला तोच यायचा.

मग आकडे बिघडायला लागले. कधी टपली जोरात, कधी बूट नुसता घासून जायचा. एके दिवशी मागच्या सीटवर आई हसत हसत सांगत होती, "काल हे दुकानातून आले ते एकाच पायात चप्पल! दुसरी वाटेत निघून गेली आणि यांना पत्ताच नाही!"

"चप्पलच ती, सांगून थोडीच जाते!" असं म्हणून बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले. शेजारी त्यांची मुलगी बसली होती. ती हसली नाही.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले पायाचं?"

"काय म्हणणार? साखर जुनी झाली, तळवे बधिर व्हायला लागलेत. गाडी बंद करा म्हणे! त्याला काय जातंय सांगायला? गाडी सोडून मी काय दारात बसून माशा मारू?"

पुढचं एक वळण गेलं. मग मुलगी म्हणाली, "बाबा, मला ते टाच-चवडा शिकवा ना."

बाबा खूश झाले. शिकवायचं म्हणजे मुलगी माझ्यासमोरच्या सीटवर आणि बाबा शेजारी. आधी तिच्या बुटांचा उद्धार झाला. "हे बूट आहेत की विटा? तळवा पातळ पाहिजे. खाली काय आहे ते पायाला कळलं पाहिजे!" बोलून गेल्यावर त्यांनी स्वतःचा बूट मॅटवर एकदा घासून पाहिला. मग पुन्हा शिकवायला लागले. "या नव्या धाटणीच्या गाडीत पेडलं जवळ आहेत, अख्खी टाच वळवायला नको. तळव्याची बाहेरची कड पुरते. आणि टपली म्हणजे टपलीच हं. दोन्ही दाबून धरलंस तर तो शहाणा संगणक समजतो माणूस चुकलाय, आणि रेसचं ऐकायचंच बंद करतो."

"बरं करतो की."

"डोंबल बरं! स्वतःला माणसापेक्षा शहाणा समजतो."

पहिल्या दिवशी गाडी अशी हिसकली की आई जागी होऊन ओरडली, "अहो, पोरीला शिकवताय की मला घुसळताय?" दुसऱ्या दिवशीही तेच. पण मुलगी चिकट. रोज एकटी कामाला जाताना उतारावर सराव करायची. एका सकाळी तिच्या बुटाची कड माझ्यावर पडली आणि आकडा आला तो थेट बाबांचा. गिअर पडला, क्लच सुटला, गाडीला कळलंसुद्धा नाही.

आता मला न उलगडलेली गोष्ट सांगतो. बाबा शेजारी बसले की ती पुन्हा चुकायची. एकटी असली की लोण्यासारखं, बाबा असले की धाडकन हिसका. बूट तोच, पाय तोच.

"पालथ्या घड्यावर पाणी!" बाबा म्हणायचे, पण आवाजात राग नसायचा. "अजून पुष्कळ शिकवावं लागणार तुला."

"हो ना बाबा," ती म्हणायची.

हे बरेच महिने चाललं. शेवटी एका दुपारी, घाट उतरताना, लागोपाठ तिसऱ्या हिसक्यानंतर आई वैतागली. "पुरे झालं ते शिकणं! माझी मान गेली. अहो, तुम्हीच चालवा बघू."

"थांबव गं. सर तिकडे," बाबा म्हणाले. "एकदा नीट करून दाखवतो."

"नको बाबा, जमेल मला."

"'जमेल, जमेल' ऐकून कान किटले. सर."

तिला सरकावं लागलं. मित्रांनो, किती दिवसांनी तो ओळखीचा बूट माझ्यापाशी आला! आनंद वगैरे मला होत नाही, पण पहिला आकडा मी जरा लवकरच पाठवला असेन.

वळण आलं. बाबांनी चवडा ब्रेकवर ठेवला. त्यांच्या तळव्याची कड माझ्यावर पडली, आणि तिथेच राहिली. इंजिन किंचाळलं. बाबांनी पाय जोरात दाबला, तर ब्रेकबरोबर मीही दाबला गेलो. "ब्रेक लागत नाहीये!" ते ओरडले आणि आणखी दाबलं. मी मोठाले आकडे पाठवत होतो. तेवढ्यात त्या शहाण्या संगणकाने ठरवलं की माणूस चुकलाय, आणि माझं ऐकणं बंद केलं. इंजिन गप्प झालं. गाडी रस्ता सोडून खडीवर घसरली आणि कठड्याच्या अलीकडे थांबली.

"बाबा, पाय," मुलगी हळूच म्हणाली.

"ब्रेकवरच आहे."

"रेसवर पण आहे."

"नाहीये गं!"

मग ते वाकले. स्वतःचा पाय कुठे आहे हे बघायला त्यांना वाकावं लागलं. इतक्या वर्षांत मला त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा दिसला. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि पाय माझ्यावरून उचलून बाजूला ठेवला. मला काही वाटत नाही असं मी मघाशी म्हणालो. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं.

"चला, घरी जाऊ," आई मागून म्हणाली.

मुलगी पुन्हा माझ्यासमोर येऊन बसली. राहिलेल्या घाटातून गाडी तिने उतरवली. दर वळणाला चवडा ब्रेकवर, कड माझ्यावर, एक टपली. खाली सपाटीला लागल्यावर बाबांनी विचारलं, "गिअर बदललेस तू?"

"हो."

"कधी?"

"सगळ्या वळणांवर."

बाबांनी पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाले, "काही जाणवलं नाही." आणि जरा वेळाने, "म्हणजे येत होतं तुला. मग इतके दिवस माझ्याशी सोंग केलंस?"

"तुम्हाला शेजारी बसवायचं होतं," ती म्हणाली. "शिकणं संपलं असतं तर तुम्ही परत इकडे बसला असतात."

बाबांच्या खिशात गाडीची दुसरी किल्ली खुळखुळली आणि तिच्या पुढ्यात येऊन पडली. ती किल्ली तेव्हापासून तिच्याकडेच आहे.

मित्रांनो, मी बधिर आहे, माझं काही बिघडत नाही. माझ्यासारखं पेडल दुकानात नवं मिळतं. पण तुमच्या घरात कुणाची चप्पल वाटेत सुटून गेली आणि त्याला कळलं नाही, तर नुसतं हसून सोडू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे तळवे हातात घेऊन बघा, आणि मग विचारा काही जाणवतंय का.

बाबा आता शेजारीच बसतात. वळण आलं की त्यांच्या पायाखालचं मॅट करकरतं. चवडा दाबला जातो, कड एक टपली मारते. तिथे ब्रेक नाही, मी नाही. मागे आई घोरत असते.