राऊच्या पाण्याची डाळ

"आई, शिजली का?" बाहेरच्या खोलीतून सुजयने पुन्हा विचारलं आणि उषाताईंनी पदराच्या टोकाची गाठ मुठीत घट्ट धरली.

"आत्ता कुठे आधण आलंय. डाळ आहे बाबा, मॅगी नाही," त्यांनी ओट्यापासूनच उत्तर दिलं.

गाठीत चिंचेचं एक बुटूक होतं आणि समोर पातेल्यात इंदूरबाहेरच्या राऊ गावचं पाणी. आज डाळ शिजली तर राऊचं घर पक्कं होणार होतं. नाही शिजली तर ते हातचं जाणार होतं. आणि डाळ शिजावी की नाही हे या घडीला सर्वस्वी उषाताईंच्या मुठीत होतं.

पाण्याची ही परीक्षा त्यांच्या घरात सासूबाईंपासून चालत आलेली. घर बघायला जायचं ते रिकामी बाटली घेऊनच. मालक खिडक्या दाखवतो, वारा कसा खेळतो ते सांगतो, तेवढ्यात आपण स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाटली भरून घ्यायची आणि घरी येऊन त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत लावायची. कुकर नाही, साधं पातेलं. डाळ गळली तर पाणी गोडं आणि घर घेण्याजोगं. दाणे तसेच टणक फिरत राहिले तर त्या घराला संगमरवर असो की लिफ्ट, विषय संपला. इंदूरमध्ये एरवीही कुणी घर घेतोय म्हटलं की ऐकणारा आधी 'नर्मदा येते का', म्हणजे नळाला नर्मदेचं पाणी आहे का, असंच विचारतो, शेजार कसा आहे ते नंतर. बोअरवाल्या घरांचे दलालही ठरलेलं उत्तर देतात, की लाइन दिवाळीपर्यंत येणारच आहे. कुठल्या दिवाळीपर्यंत, ते त्यांनाही ठाऊक नसतं.

सुदामा नगरातलं हे वरच्या मजल्यावरचं भाड्याचं घर दसऱ्याच्या आत सोडायचं होतं. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला घर हवं होतं. आता पुन्हा भाड्याने नको, स्वतःचंच घेऊ, असं सुजयने ठरवलं. तो पीथमपूरच्या एका कारखान्यात होता, बहुतेक रात्रपाळीला. कंपनीची बस त्याला राऊच्या चौकात घेई आणि सकाळी तिथेच सोडी. राऊ ते घर हा पट्टा तो स्कूटरवर काढी. त्याची बायको श्रेया राऊच्याच एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला होती. त्यांच्या छोट्या अबोलीसाठी शाळा तिकडे होती, बाग होती, झोपाळे होते, फाटकावर चौकीदार होता. निशांत भिया नावाचा त्यांचा दलाल दर वाक्यात 'एकदम फॅमिलीवाली कॉलनी है' म्हणत असे. राऊ घरातल्या सगळ्यांच्या सोयीचं होतं. सगळ्यांच्या म्हणजे तिघांच्या.

चौथ्या उषाताई. त्या पलासियाला लहान मुलांच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. गिरणी बंद पडून त्यांचे यजमान दिनानाथराव घरी बसले तेव्हा सुजय शाळेत होता, आणि त्या दिवसापासून या घराची चूल दवाखान्याच्या पगारावर पेटली होती. यजमान गेले, सुजय कमावता झाला, पण उषाताईंनी दवाखाना सोडला नाही. ज्यांना त्यांनी बाळपणी सुई टोचली ती पोरं आता आपली पोरं घेऊन येत आणि दारातून विचारत, उषाताई आहेत ना? त्यांचा हात हलका होता. रडणारं मूल सुई निघाल्यावरही अजून टोचायचीच आहे असं समजून रडत राही, आणि सगळे हसत. दवाखाना सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा उघडे. दुपारी घरी येऊन पुन्हा जाणं सुदामा नगरातून जमत होतं. राऊहून रोज दोन फेऱ्या या वयात जमणार नव्हत्या. शिवाय दुपारी अबोली शाळेतून आली की घरात कुणीतरी लागणारच होतं, आणि ते कुणीतरी कोण, हे न बोलताच ठरून गेलं होतं.

याबद्दल त्यांना कुणी विचारलंच नाही. सुजय फक्त म्हणे, आता तू आराम कर ना आई, बहुत झालं. प्रेमानेच म्हणे, म्हणून तर भांडताही येईना.

राऊत आधी पाहिलेल्या दोन घरांपैकी पहिल्याची डाळ खरोखरच शिजली नव्हती. उषाताईंना सुटल्यासारखं वाटलं होतं आणि सुजयनेही मुकाट्याने ते घर सोडलं होतं. दुसऱ्या घराची डाळ मात्र लोण्यासारखी गळायला लागली. हात आपोआप चिंचेच्या बरणीकडे गेला. आंबट आधी पडलं की डाळ अडून बसते, हे कुठल्याही मराठी बाईला सांगावं लागत नाही. नवी डाळ, नवं आधण, त्यात चिंच, आणि शेवटी चिंच काढून घेऊन त्यांनी सगळ्यांना टणक दाणे दाखवले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. साऱ्या आयुष्यात औषधाचा एक थेंब त्यांनी इकडचा तिकडे केला नव्हता, आणि स्वतःच्या मुलाला मात्र त्यांनी वाटीभर डाळीत फसवलं होतं. लाज वाटली, तरी त्यांनी खरं सांगितलं नाही, आणि ते घर दुसऱ्या कुणी घेतलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात सुजय पहाटे घरी येताना स्कूटरवरून पडला. भुवईच्या वर टाके पडले. कुत्रा आडवा आला, असं त्याने सांगितलं.

उषाताईंनी भिजलेली डाळ आधणात सोडली, हिंग आणि तेलाचा थेंब टाकला आणि गाठ सोडायला हात नेला, तेवढ्यात सुजय दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल, अंगात कालचाच बनियन. निशांत भियाचा पुन्हा फोन आला होता. देवासचं एक कुटुंब आज संध्याकाळी त्याच घराचं टोकन देणार होतं.

"आज हाँ-ना काय ते सांगावं लागेल आई," तो म्हणाला. "श्रेया पण हेच बोलून गेली."

श्रेया अबोलीला घेऊन भाजी आणायला गेली होती. घरात दोघंच होती.

"डाळ शिजू दे," उषाताई म्हणाल्या.

"आणि नाही शिजली तर? आर.ओ. लावून घेऊ ना आपण."

आंघोळीला आणि कपड्यांना पण आर.ओ. लावणार का, हे नेहमीचं उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. डाळीला अजून वेळ आहे, तोवर टाके काढून टाकू, असं म्हणून त्यांनी त्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं, हात धुतले आणि स्पिरिट, कापूस, चिमटा आणि छोटी कात्री घेतली. काम हातात आलं की त्यांचं मन थाऱ्यावर येई.

पहिला टाका निघाला. सुजयने डोळे मिटून घेतले होते.

"आई," तो म्हणाला, "तो कुत्रा नव्हता."

"कुठला?"

"स्कूटरसमोरचा. कुत्रा-बित्रा काही नव्हता. माझी आँख लग गई थी. गाडी चालवता चालवता. डिव्हायडरला घासलो तेव्हा जाग आली. मागून ट्रक येत होता, त्याने कट मारला म्हणून वाचलो."

कात्री त्याच्या भुवईजवळ होती. उषाताईंनी ती हलू दिली नाही.

"आधी पण झालं होतं असं?"

"पडलो नव्हतो. डुलकी तर लागतेच. राऊला बसमधून उतरतो ना, तेव्हा वाटतं, बस, इथेच कुठे घर असतं तर चालत गेलो असतो."

"श्रेयाला माहीत आहे?"

"तिला नको सांगू. ती रात्रभर झोपणार नाही."

त्यांनी पुढचा टाका कापला, मग त्याच्या पुढचा, आणि अचानक त्यांच्या डाव्या तळहातात सुजयचं डोकं जड झालं. त्यांनी वाकून बघितलं. तो बसल्या जागी झोपला होता. भुवईपाशी कात्री, कातडीत अर्धा ओढलेला दोरा, आणि तो तोंड किंचित उघडं ठेवून झोपला होता. अबोलीच्या वयाचा असताना झोपायचा तसाच.

राहिलेले टाके त्यांनी झोपलेल्या मुलाच्या कपाळातून काढले. हात हलका होता, त्याला जाग आली नाही. त्याचं डोकं हळूच भिंतीला टेकवून, मानेखाली उशी सरकवून त्या आत गेल्या.

चिंच टाकायची नाही, हे त्यांचं आता ठरलं होतं. होऊ दे व्हायचं ते. त्यांनी डाव पातेल्यात घालून दाणा बोटांवर घेतला आणि दाबला.

दाणा फुटला नाही.

त्यांनी दुसरा घेतला, मग तिसरा. पाण्यावर पांढरा फेस आला होता आणि खाली डाळ जशीच्या तशी होती. गॅस मोठा करून त्यांनी आणखी बराच वेळ वाट बघितली. दाणे टणकच राहिले. चिंच तर अजून पदरातच होती. या घराचं पाणी मुळातच जड होतं.

उषाताई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. या वेळी काहीच करायला नको होतं. पातेलं उचलून बाहेर न्यायचं आणि दाखवायचं, एवढंच. खोटं बोलायचं नव्हतं, लाज वाटायची नव्हती. पलासियाचा दवाखाना, दारातून आपलं नाव घेऊन विचारणारी माणसं, सगळं राहणार होतं, आणि तेही खऱ्याच्या जोरावर. बाहेर सुजय घोरत होता. आज रात्री त्याला पुन्हा पाळी होती. उद्या पहाटे तो पुन्हा त्याच रस्त्याने येणार होता.

त्यांनी पातेलं उचललं आणि डाळ गाळून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. वर दुधीची सालं पसरली. राऊची उरलेली बाटली पिठाच्या डब्यामागे सरकवली. रात्रीच्या वरणासाठी भिजवलेली डाळ होती, ती घेतली, पिंपातलं नर्मदेचं पाणी घेतलं, पातेलं पुन्हा चढवलं आणि झाकण ठेवून समोर उभ्या राहिल्या. आता भीती उलटी झाली होती. ही डाळ शिजायच्या आत श्रेया येऊ नये, सुजय जागा होऊ नये, निशांत भियाने ते घर देवासच्या लोकांना देऊन टाकू नये.

श्रेया आली तेव्हा डाळ नुकतीच गळायला लागली होती. अबोली थेट खाली खेळायला पळाली. आवाजाने सुजय दचकून उठला आणि कपाळाला हात लावून बघू लागला. उषाताई वाटी घेऊन बाहेर आल्या आणि ती त्याच्या हातात दिली.

"बघ."

सुजयने एक दाणा बोटांत धरला. त्याचा लगदा झाला. त्याने दुसरा तोंडात टाकला, आईकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा मोकळा झाला की उषाताईंना तिकडे बघवेना.

"एकदम मक्खन," तो म्हणाला. "मतलब, घ्यायचं ना आई?"

"मी कधी नाही म्हटलं? पाणीच नाही म्हणत होतं."

तो गॅलरीत जाऊन निशांत भियाशी बोलू लागला. श्रेया स्वयंपाकघरात गेली. कोथिंबिरीच्या काड्या टाकायला तिने कचऱ्याचा डबा उघडला आणि ती तशीच वाकून उभी राहिली. श्रेयाने सालं बाजूला केली, खालचा एक दाणा उचलला, दाबून बघितला. मग ओट्यावरच्या पातेल्याकडे बघितलं, आणि मग सासूकडे.

"त्याला नको सांगू," उषाताई हळू आवाजात म्हणाल्या. "त्याचं येणं-जाणं तरी वाचेल. तो तुला सांगत नाही, पण…"

"सुजय झोपेत बोलतो आई. मला माहीत आहे सगळं."

गॅलरीतून सुजयचं हसणं ऐकू आलं. हाँ भिया, पक्का, असं तो म्हणत होता.

"आणि तुमच्या क्लिनिकचं?" श्रेयाने विचारलं.

इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं. उषाताईंचे डोळे भरून आले. पण त्यांनी ओटा पुसायला घेतला.

"डॉक्टरसाहेबांना सांगीन."

"कधी?"

"सांगीन ना."

श्रेयाने इकडेतिकडे बघितलं, पिठाच्या डब्यामागे हात घातला आणि राऊची बाटली काढली. दोन पेले घेतले आणि दोन्हींत थोडंथोडं पाणी ओतलं. एक पेला तिने सासूच्या हातात दिला.

"सवय करावी लागेल," ती म्हणाली.

दोघी ओट्याशी उभ्याउभ्याच ते पाणी प्यायल्या. मचूळ होतं. श्रेयाने तोंड वाकडं केलं नाही, उषाताईंनीही नाही. मग उषाताईंनी पदराची गाठ सोडली, चिंचेचं बुटूक शिजलेल्या डाळीत टाकलं, आमटीला फोडणी दे म्हणून सुनेला सांगितलं, आणि संध्याकाळच्या दवाखान्याची वेळ झाली होती म्हणून पिशवी खांद्याला लावून जिना उतरल्या.