तिच्या पावलांचा पाट

मी एक जुना पाट आहे, मित्रांनो. पाट म्हटलं की तुम्हाला बसायचा पाट आठवेल. मी तसला नाही. मी उभं राहायचा पाट. वीतभर उंच, हातभर लांब, आणि चार पायांपैकी एक जन्मापासून आखूड. इतक्या वर्षांत माझ्यावर फक्त एकदाच कोणी बसलं, आणि ते बसणं मला अजून पचलेलं नाही. त्याची गोष्ट पुढे येईलच.

मी राहतो एका इस्त्रीच्या दुकानात. रस्त्याकडे एक खिडकी, भिंतीला फळ्या, फळ्यांवर कपड्यांचे गठ्ठे आणि मधोमध एक लांबलचक टेबल. दुकानाचा मालक भलताच उंच. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते. आसपासचे लोक त्याला लंबूशेठ म्हणतात. लग्नाआधी त्यानं हे टेबल करून घेतलं ते थेट स्वतःच्या उंचीचं. इथं आपल्याशिवाय आणखी कोणी उभं राहील, हे तेव्हा त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढे त्याचं लग्न झालं. नवी बायको हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हती. घर लावून होताच ती बाह्या सरसावून दुकानात आली, तर टेबल तिच्या छातीला लागलं! सकाळभर तिनं टाचा उंचावून इस्त्री केली. लंबूशेठनं ते पाहिलं. दुपारी त्यानं साबणाचं लाकडी खोकं फोडलं, करवत चालवली, हातोडीचा एक घाव स्वतःच्या अंगठ्यावर बसवून घेतला आणि संध्याकाळच्या आत मला उभं केलं. सुतारकाम त्यानं बापजन्मी केलं नव्हतं, त्यामुळे मी डुगडुगत होतो.

ती माझ्यावर चढली आणि खळखळून हसली.

"अहो, टेबलाचे पाय कापायचे सोडून माझे वाढवलेत होय?"

"टेबल कापलं तर मला दिवसभर वाकावं लागेल," तो म्हणाला.

"मग राहू द्या. पण याचा एक पाय आखूड आहे हो. नीट करा बरं का."

"करतो," तो म्हणाला. तिनं तोवर म्हणून त्या पायाखाली एक चिंधी दुमडून घातली. त्या चिंध्या पुढे जन्मभर बदलत राहिल्या. पाय काही नीट झाला नाही.

मित्रांनो, माणसं माणसांना चेहऱ्यानं ओळखतात. मी तिला पायांनी ओळखलं. ती सकाळी चपला दाराशी काढायची आणि अनवाणी माझ्यावर चढायची ती जेवणवेळेपर्यंत. दुपारी पुन्हा चढायची ती दिवे लागेपर्यंत. मी खोक्याचा, मऊ लाकडाचा. तिच्या पावलांखाली माझं अंग हळूहळू झिजू लागलं. इस्त्रीचा जोर उजव्या हातावर यायचा, म्हणून उजव्या पावलाखाली जरा जास्त. ती चिडली की टाच आपटायची. मन रमलं की तिचा अंगठा ताल धरायचा. लेक पोटात होती तेव्हा तिचे पाय सुजून जड झाले होते, तरी ती उभीच. पुढे तीच लेक टेबलाखाली माझ्या आडोशाला झोपायची आणि आईच्या घोट्याला हात लावून पाहायची, आई आहे ना म्हणून.

दवाखान्याच्या चादरी आल्या की मला खोलीच्या मध्यावर नेत. चादरी मोठ्या, आणि ती बुटकी. जमिनीवर उभी राहिली तर चादर फरशीला टेकायची. म्हणून एका टोकाला ती माझ्यावर, दुसऱ्या टोकाला तो. चादर ताणायची, झटकायची, मग त्यानं आपली टोकं घेऊन चालत तिच्यापर्यंत यायचं आणि तिच्या हातात द्यायची. दर चादरीला त्यांचे हात एकमेकांना लागत. एवढ्या वर्षांत किती चादरी झाल्या असतील, तुम्हीच विचार करा.

गिऱ्हाइकं तिच्या घड्यांवर खूश असत. दवाखान्यातली नर्स म्हणायची, "काकू, तुमच्या हातची चादर उलगडायचं जिवावर येतं हो." काकूंना ऐकून आनंद व्हायचा, पण त्यांचे कान असायचे नवऱ्याकडे. आणि नवरा? कौतुक म्हटलं की त्याच्या जिभेला कुलूप. एकदा एका सदऱ्याची कॉलर उचलून तो "बरी झालीय" म्हणाला, तर तिनं ती गोष्ट शेजारपाजारी आठवडाभर सांगितली.

पण त्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. थंडीच्या दिवसांत तो दुकानात आधी यायचा, इस्त्री तापवायचा, माझ्यावर जाड फडकं अंथरायचा आणि त्यावर इस्त्री फिरवायचा. माझं अंग कोमट झालं की फडकं उचलून ठेवायचा आणि खिडकीबाहेर बघत उभा राहायचा, जसं काही केलंच नाही. ती यायची, चढायची, आणि तिची गार पावलं माझ्यावर सैलावायची. ती काही विचारायची नाही. तो काही सांगायचा नाही. मला वाटायचं, तिला कळतच नसेल. एका सकाळी त्याला ताप होता, तो उशिरा उठला आणि तिच्याबरोबरच दुकानात आला. ती माझ्यावर चढली आणि लगेच खाली उतरून त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "आज पाट गार आहे. बरं नाही ना तुम्हाला?" तेव्हा मला कळलं, की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

लेक मोठी झाली, लग्न होऊन जवळच्याच वस्तीत राहायला गेली. त्याचे केस पिकले, तिच्या टाचांना भेगा पडल्या. मग तिची पावलं हलकी होऊ लागली. माझ्याइतकं ते कोणाला कळणार? कालच्यापेक्षा आज हलकी. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण पाटाला तोंड नसतं.

एका दुपारी तिनं इस्त्री बाजूला ठेवली, टेबलाचा पाय धरला आणि ती खाली वाकून माझ्यावर बसली.

"जरा बसते हं," ती म्हणाली.

जन्मात कधी काम सोडून न बसलेली ती. त्यानं हातातलं काम तसंच टाकलं, इस्त्री बंद केली आणि तिच्यासमोर फरशीवर बसला. ती त्यालाच धीर देत होती, "काही नाही हो, चक्कर आली नुसती." मित्रांनो, त्यानंतर ती माझ्यावर कधी उभी राहिली नाही. ज्या दवाखान्याच्या चादरी तिनं घडी केल्या, त्यातल्याच एका चादरीवर ती गेली.

आता दुकानात तो एकटा. त्याला माझी गरज काय? तरीही रोज सकाळी तो मला टेबलापाशी, तिच्या जागी मांडतो. रोज संध्याकाळी उचलून भिंतीशी उभा करतो. दिवसभर माझ्यावर कोणी चढत नाही. चादरी आल्या की तो त्यांची दोन टोकं खिडकीच्या गजाला बांधतो, दुसरी दोन घेऊन गजापर्यंत चालत जातो आणि तिथं क्षणभर थांबतो. गज काही हात पुढे करत नाही. त्याची घडी आता वाकडी येते, आणि नर्स काही बोलत नाही.

एकदा गठ्ठा उचलून जाताना तो मला अडखळून पडला. गुडघा फुटला. लेक औषध लावत म्हणाली, "बाबा, यावर आता उभं कोण राहतं? वाटेत ठेवता कशाला?"

"असू दे," तो म्हणाला.

एवढंच. त्याच्या पुढचं तो बोलला असता तर पुढचा प्रसंग आलाच नसता. पण सवयच नाही, तर शब्द कुठून आणायचे?

लेकीला वाटलं, बाबांचा आईच्या पाटावर जीव आहे, तर आपण तो चांगला करून देऊ. तो कपडे पोचवायला गेलेला पाहून तिनं मला उचललं आणि मागच्या रस्त्यावरच्या सुताराकडे नेलं. "आईची आठवण आहे, मिस्त्री," ती म्हणाली. "वरून अगदी सपाट करा. पॉलिश मारा. नव्यासारखा दिसला पाहिजे."

मिस्त्रीनं माझ्यावरून हात फिरवला. "दोन खड्डे पडलेत. रंधा मारला की साफ होतील."

त्यानं मला शिकंज्यात आवळलं आणि कडेवरून पहिला हात मारला. माझ्या अंगाची एक पातळ साल वळून खाली पडली. आणखी थोड्या वेळात तिची पावलं भुशात पडणार होती, आणि तेही तिच्याच लेकीच्या मायेनं.

तेवढ्यात दारात लंबूशेठ उभा राहिला. मला तिथं ठेवून लेक दुकानात परतली होती; तो येताच तिनं त्याला मोठ्या हौशीनं सांगितलं होतं, आणि तो तसाच उलट्या पावली निघाला होता. मागून लेक धावत येत होती. त्याला धाप लागली होती, बोलता येईना. त्यानं सरळ पुढे होऊन आपला हात रंध्यासमोर माझ्यावर ठेवला.

"अहो आजोबा, बोटं जातील!" मिस्त्री ओरडला.

"ते खड्डे नाहीत."

"मग काय आहे?"

"ती आहे," तो म्हणाला. "हा तिचा उजवा पाय. जरा खोल आहे, बघा. हा डावा. इथं टाच, इथं बोटं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभी असायची. माझ्या दुकानासाठी, माझ्या टेबलाच्या उंचीशी जमवून घेत. दमलीस का, म्हणून मी कधी विचारलं नाही. छान करतेस, असं कधी म्हटलं नाही. ती गेली, आणि आता सगळं बोलावंसं वाटतं. कोणाशी बोलू?"

त्याला एका दमात इतकं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लेक रडू लागली. "बाबा, मला माहीतच नव्हतं."

"मी सांगितलं कुठं?" तो म्हणाला, आणि दुसरा हात त्यानं तिच्या डोक्यावर ठेवला.

मिस्त्रीनं रंधा बाजूला ठेवला आणि शिकंजा सैल केला. मला परत देताना तो हळूच म्हणाला, "आजोबा, वर हात लावत नाही. पण याचा एक पाय आखूड आहे. तेवढा नीट करू?"

लंबूशेठ ओल्या डोळ्यांनी हसला. "करा. पहिल्या दिवसापासून तिची तक्रार होती."

अशा रीतीनं माझा पाय नीट झाला, मित्रांनो, आणि ज्या बाईला तो हवा होता ती नव्हती. म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. जुनी वस्तू गुळगुळीत करायला काढाल, तेव्हा ती कोणी झिजवली ते आधी विचारा. आणि तुमच्या घरात कोणी दिवसभर उभं राहून राबत असेल, तर त्यांना आजच दोन शब्द बोला. ते शब्द मागाहून बोलले, तर ऐकायला पाट उरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. मी तिच्या जागी होतो, आता न डुगडुगता. त्यानं इस्त्री तापवली, माझ्यावर फडकं अंथरलं आणि सावकाश इस्त्री फिरवली. मग फडकं उचलून तो खाली बसला. त्यानं आपले दोन्ही तळहात त्या दोन खळग्यांत ठेवले. उजव्यात उजवा, डाव्यात डावा.

"गार नाही ना?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, आणि दुकानात आम्ही दोघेच होतो.