चौथ्या फळीखालचे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे आणि माझा एक पाय आखूड आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, नाहीतर पुढे माझा 'टक' असा आवाज आला की तुम्ही दचकाल. ज्या सुताराने मला घडवले तो वाचनालयाची कपाटे करायला आला होता. उरलेल्या फळ्यांतून त्याने मला जोडले आणि जमिनीवर ठेवले, तर मी डुगडुगलो. "चार पायांत इकडेतिकडे व्हायचंच," असे म्हणून त्याने हत्यारे गोळा केली आणि तो निघून गेला. तेव्हापासून मी मुलांच्या खोलीत आहे.

खोलीच्या एका भिंतीला पाच फळ्यांचे उघडे कपाट होते. तळच्या फळीवर बदके, बाहुल्या आणि मोठमोठी चित्रे. तिच्यावर ठळक अक्षरांतल्या छोट्या गोष्टी. तिसऱ्या फळीवर प्रवास, कोडी, फजितीचे किस्से. चौथीवर जाडजूड कादंबऱ्या, ज्यांत माणसे चुकतात, हरतात, कधी कधी मरतातही. पाचवीवरची पुस्तके जवळजवळ मोठ्यांचीच. ग्रंथपाल बाईंचा नियम साधा होता. टाचा न उचलता हात ज्या फळीला पोचेल, तिथपर्यंतचे पुस्तक न्यायचे. "हात पोचला की डोकंही पोचतं," असे त्या म्हणत. पालकांना हा नियम भारी आवडे. कोणत्या वयाच्या मुलाला कोणते पुस्तक द्यावे, या प्रश्नाने डोके पिकवून घ्यायला नको.

माझ्यावर चढायचा मान फक्त बाईंचा. मुलांनी नुसते बसायचे. बाई मनाने वाईट नव्हत्या, हे मी शपथेवर सांगेन. एखाद्या चिमुरड्याच्या हाती रडवणारे पुस्तक पडू नये म्हणून त्या डोळ्यांत तेल घालून बसत.

त्या खोलीत दोन जुळ्या बहिणी येत. काही मिनिटांच्या फरकाने एक थोरली झाली, दुसरी धाकटी. आधी दोघींचे हात एकाच फळीला पोचत. मग थोरली भराभर उंच होत गेली आणि धाकटी दुसऱ्या फळीपाशीच अडली. तिला काहीतरी दुखणे होते. ते तिला वाढू देत नव्हते.

"मूर्ती लहान, पण बडबड महान!" असे शिपाईकाका तिला चिडवत.

"काका, तुमची तर मूर्तीही महान आणि घोरणंही," ती म्हणे, आणि सगळी खोली खिदळे.

ती नेहमी माझ्यावर बसे. गोष्ट आवडली की डावी टाच माझ्या आखूड पायावर आपटे. टक, टक. तुम्ही माणसे एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखता, आम्ही स्टुले वजनावरून ओळखतो. तिचे वजन मला पाठ होते. वर्षे सरली तरी ते वाढत नव्हते आणि मला त्याची भीती वाटू लागली होती.

एकदा थोरलीने चौथ्या फळीवरून एक जाड पुस्तक काढले. बुडालेल्या जहाजाचा आचारी आणि त्याची शेळी एका होडीतून घराकडे निघतात, अशी ती गोष्ट होती. थोरली माझ्याशेजारी फरशीवर बसून हळू आवाजात वाची आणि धाकटी ऐके. पाणी संपत आले, शेळी आजारी पडली, आचारी तिला आपल्या कोटात गुंडाळून बसला. तिथे थोरली थांबली. उरलेले घरी वाचू म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक गुपचूप फळीवर ठेवून दिले.

"पुढचं?" धाकटीने विचारले.

"पुढे नुसतं कंटाळवाणं आहे गं. नंतर सांगते."

धाकटी तडक बाईंच्या टेबलापाशी गेली. "बाई, शेळी घरी पोचते का, एवढंच बघायचंय मला."

"तुझी फळी दुसरी ना, बाळा? त्या पुस्तकाचा शेवट लहानांसाठी नाही."

"मी लहान नाहीये. ताईएवढीच आहे."

"पुढच्या वर्षी बघू. जरा उंची वाढू दे."

"आणि नाही वाढली तर?"

बाई उगाच टेबलावरची पुस्तके सारखी करू लागल्या.

"लहानांसाठी नाही, म्हणजे मरते का ती?" धाकटीने विचारले. बाई म्हणाल्या, "जा आता, आई वाट बघत असेल." धाकटीने माझ्यावर हात ठेवून मला चौथ्या फळीकडे ओढायला सुरुवात केली. "पडशील हं!" म्हणत बाईंनी मला तिच्या हातून काढून घेतले आणि आपल्या टेबलामागे ठेवले.

ती पुन्हा आली नाही. थंडी सरता सरता शिपाईकाकांनी बाईंच्या कानाशी काहीतरी सांगितले. बाईंनी हातातले पुस्तक खाली ठेवले आणि त्या दिवशी खोली लवकर बंद झाली. मला कोणी काही सांगितले नाही, पण स्टुलालाही कळते.

वाचनालय जेवणाच्या वेळी बंद असे. एका भर दुपारी खोलीला कुलूप होते, बाहेर चिटपाखरू नव्हते आणि मी टेबलामागे उभा होतो. तेवढ्यात कोणीतरी मला ओढले. खर्र. टक. खर्र. टक. ओढणारे कोणी दिसत नव्हते. मी चौथ्या फळीखाली येऊन थांबलो. मग माझ्यावर वजन आले, आणि ते वजन माझ्या ओळखीचे होते. पुस्तक हलल्याचा आवाज आला नाही, पान उलटले नाही. ती नुसती बसून राहिली, कोणीतरी वाचून दाखवील म्हणून थांबल्यासारखी. मित्रांनो, मला भीती वाटली नाही. फार वाईट मात्र वाटले.

बाई परत आल्या तेव्हा शिपाईकाकांवर उखडल्या. "स्टूल तिकडे कुणी नेलं?"

"किल्ली तुमच्याच पिशवीत आहे, बाई," काका म्हणाले.

मग हे रोजचेच झाले. बाईंनी मला सुतळीने टेबलाच्या पायाला बांधून पाहिले. दुपारनंतर सुतळी नीट गुंडाळून टेबलावर ठेवलेली आणि मी आपला चौथ्या फळीखाली. काकांनी त्या खोलीचा धसकाच घेतला. बाई कोणाला काही बोलल्या नाहीत, पण कपाटाकडे पाठ करून बसायचे त्यांनी सोडून दिले.

बऱ्याच दिवसांनी थोरली आली. बहिणीकडे राहिलेले एक दुसऱ्या फळीचे पुस्तक तिला परत करायचे होते. मला पाहताच ती दारातच थबकली.

"हे रोज आपसूक इथं येतं गं," बाई हळूच म्हणाल्या. "मला काही सुचत नाही."

थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "मी शेवट वाचला होता, बाई. तिला सांगितला नाही. दवाखान्यातसुद्धा रोज विचारायची, शेळीचं काय झालं? मी म्हणायचे, नंतर सांगते."

बाई खुर्चीतून उठल्या. मग त्यांनी चौथ्या फळीवरून ते पुस्तक काढले. मी समोर असूनही त्या माझ्यावर बसल्या नाहीत. दोघी फरशीवर बसल्या आणि बाईंनी आजारी शेळीपासून पुढे वाचायला घेतले.

किनारा दिसू लागतो. आचारी शेळीला उचलून धरतो आणि दिसेल ते तिला सांगत राहतो. ते बघ झाड, ते बघ आपलं छप्पर, ती बघ धुराची रेघ. शेळी ऐकत असते. होडी वाळूला लागायच्या आत ती डोळे मिटते. इथे बाई अडखळल्या. त्या पान उलटून पुढे जाऊ लागल्या, तेव्हा थोरलीने त्यांचा हात धरला.

"गाळू नका. सगळं वाचा."

बाईंनी सगळे वाचले. आचारी तिला घराच्या अंगणात पुरतो आणि तिच्या गळ्यातली घंटा दाराला बांधतो, इथपर्यंत. पुस्तक मिटले. आणि माझ्या आखूड पायावर टाच आपटली.

टक, टक.

"आवडलं तिला," थोरली म्हणाली, आणि बाईंच्या मांडीत डोके खुपसून रडली.

दुसऱ्या दुपारी मी तळच्या फळीसमोर सापडलो, बदकांच्या पुस्तकापाशी. थोरली ते बघून रडता रडता हसली. "हे ती तीन वर्षांची असतानाचं तिचं आवडतं पुस्तक!" बाईंनी बदकांचे पुस्तकही मोठ्याने वाचले, क्वॅक क्वॅक करून. शिपाईकाका दाराआडून ऐकत होते.

त्यानंतर हाताचा नियम गेला आणि मी सगळ्यांचा झालो. कोणीही चढावे, कोणतीही फळी धुंडाळावी. एकदा एका वडिलांनी नाक मुरडले. "मग आम्ही वयाप्रमाणे पुस्तक निवडायचं कसं?"

"वय जरूर बघा," बाई म्हणाल्या, "पण आधी पोराच्या मनात काय घोळतंय ते विचारा. आणि रडवणारं पुस्तक दिलंत, तर शेजारी बसा."

आता बाई नाहीत, काकाही नाहीत. मुलांना चढायला प्लास्टिकच्या रंगीत पायऱ्या आल्या आहेत. मला कोपऱ्यात लोटून माझ्यावर झाडाची कुंडी ठेवली आहे. कित्येक दिवस कोणी माझ्यावरची धूळही पुसत नाही. तरी अधूनमधून दुपारनंतर कुंडी फरशीवर उतरवलेली असते आणि मी कुठल्यातरी फळीपाशी उभा असतो. नवे ग्रंथपाल साफसफाईवाल्या मावशींवर चिडतात. मावशी म्हणतात, "मी कशाला हलवू? मला काय दुसरी कामं नाहीत?" ते वजन अजून तेवढेच आहे.

मित्रांनो, लाकडाला तेलपाणी करा, माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला, एवढे मागायला मला आवडले असते. पण मागणे दुसरेच आहे. कुंडी खाली दिसली, तर मला ढकलून परत कोपऱ्यात लावू नका. मी कोणत्या फळीपाशी आहे ते बघा, तिथले एक पुस्तक काढा आणि मोठ्याने वाचा. दोन पाने वाचून उठू नका. शेवट कसाही असला तरी तिथपर्यंत वाचा. आणि वाचताना माझ्यावर मात्र बसू नका. जागा रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते.